‘कानाची नस सुकली’ म्हणजे नेमकं काय?

“आजोबा, जेवायला चला.” उत्तर नाही. पुन्हा, जरा मोठ्याने. तरीही नाही. तिसऱ्यांदा नातू ओरडतो आणि आजोबा भडकतात, “ओरडतोस कशाला? बहिरा आहे का मी?”

“त्यांना हवं तेवढंच ऐकू येतं” असा शेरा मग घरात हमखास मारला जातो. आजोबांची तक्रार मात्र खरी आहे. ती समजायची तर बिघाड कानात कुठे झालाय ते पाहायला हवं, कारण उपचारही त्यावरच ठरतो.

आवाज पडद्यावर आदळला की हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडं तो आत ढकलतात. रिकीब जेमतेम 3 मिलिमीटरची, शरीरातलं सर्वांत लहान हाड. इथपर्यंतचं काम यांत्रिक, त्यामुळे इथला दोष बहुतेकदा दुरुस्त होतो. मळ साचला असेल तर डॉक्टर तो काढतात (तेल, माचिसची काडी आणि किल्लीचं टोक कृपया लांब ठेवा). कान वर्षानुवर्षं वाहून पडद्याला भोक पडलं असेल, तर कानामागच्या स्नायूवरचं पातळ आवरण घेऊन नवा पडदा बसवता येतो. रिकीब जखडली असेल तर तिच्या जागी छोटासा कृत्रिम पिस्टन बसवतात. इथपर्यंतच्या बिघाडाला वहनदोष म्हणतात. यात आवाज बारीक येतो, पण स्वच्छ येतो.

त्यापुढे गोगलगायीच्या शंखासारखा आतला कान. त्यात द्रव आणि सुमारे 15 हजार केशपेशी. त्यांतल्या साडेतीन हजारांच्या आसपास पेशी मेंदूकडे संदेश धाडतात. बाकीच्या स्वतः आखडतात-ताणतात आणि बारीक आवाज मोठा करतात. त्यांच्या या हालचालीतून कानाबाहेर अगदी क्षीण ध्वनी येतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ डेव्हिड केम्प यांनी तो 1978 मध्ये मोजून दाखवला. आज झोपलेल्या तान्ह्या बाळाच्या कानात छोटी नळी ठेवून काही मिनिटांत जी चाचणी करतात, ती याच ध्वनीचा कानोसा घेते.

वय, गोंगाट, काही औषधं (स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, कर्करोगावरचं सिसप्लॅटिन) यांनी आधी मरतात त्या बहुधा या आवाज वाढवणाऱ्या पेशी. त्या गेल्या की बारीक आवाज पोचत नाही, पण मोठ्या आवाजाला त्यांची गरजच नसते. तो पूर्वीइतकाच जोरात आदळतो. ऐकू न येणारा आणि असह्य होणारा आवाज यांच्यामधला टप्पाच आजोबांना फारसा उरलेला नाही. शिवाय आधी जातात उंच पट्टीचे स्वर. ‘आ’, ‘ओ’ शाबूत राहतात. ‘स’, ‘त’, ‘फ’ हरवतात. ‘सात’ आणि ‘साप’ एकच वाटू लागतात. ओरडल्याने ‘आ’ मोठा होतो, ‘त’ फारसा नाही. “ऐकू येतं, पण कळत नाही” हे वाक्य यातूनच येतं.

दवाखान्यात यालाच “नस सुकली” म्हणतात. मला हा शब्दप्रयोग खटकतो, कारण पुष्कळदा नस बरीच शाबूत असते. मेलेल्या असतात तिच्या टोकाच्या केशपेशी. कोंबडीच्या कानात त्या पुन्हा उगवतात, माणसाच्या नाही. म्हणून त्यावर गोळी नाही. पण नस जिवंत असल्यामुळेच कॉक्लिअर इम्प्लांट चालतं: शंखात सरकवलेल्या तारेतून विद्युत संकेत थेट नसेला मिळतात. जन्मतः ऐकू न येणाऱ्या बाळात हे जितकं लवकर तितकं बरं, कारण भाषा शिकण्याची मेंदूची सर्वांत सुपीक वर्षं पहिली तीनच. केंद्राच्या एडिप योजनेतून लहान मुलांना त्यासाठी मदत मिळते.

गोंगाटाचं गणित निर्दयी आहे. 85 डेसिबल 8 तास चालतात, पण दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. 100 डेसिबलला उरतात 15 मिनिटं. विसर्जन मिरवणुकीत डीजेच्या भिंतीसमोर तासन् तास नाचणाऱ्या पोरांनी हा हिशेब करून पाहावा. कानात घालायच्या फोमच्या बोळ्यांची किंमत वडापावापेक्षा फार नसते.

एक प्रयोग घरी करा. एका कानात बोट घालून ‘हं’ असं गुणगुणा. आवाज बंद कानातच मोठा येतो! नादकाटा कपाळावर टेकवून डॉक्टर हेच तपासतात. एक कान दडला आणि गुणगुणणं त्याच कानात मोठं वाटलं, तर बिघाड बहुधा वहनाचा. चांगल्या कानात मोठं वाटलं तर मात्र मळ समजून थांबू नका. एका कानाचं ऐकणं अचानक, दोन-तीन दिवसांत गेलं असेल तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. स्टिरॉइडचा उपयोग होतो तो सुरुवातीच्या दिवसांत. “सर्दीने दडा बसलाय” म्हणत महिना काढला की संधी हुकते.

आणि आजोबांचं काय? त्यांच्यासाठी कानाचं मशीन. आजचं मशीन बारीक आवाज जास्त वाढवतं, मोठा कमी, म्हणजे मेलेल्या पेशींचंच काम थोडंफार करतं. तरी ते पहिल्या आठवड्यात कपाटात जातं, कारण कुकरची शिट्टी आणि ताटांचा खणखणाट असह्य होतो. मेंदू हे आवाज विसरलेला असतो. रोज तासभर, टीव्ही बंद करून, एकाच माणसाशी समोरासमोर बोलत सुरुवात करावी, आणि मशीनच्या जुळवणीसाठी ऑडिओलॉजिस्टकडे (श्रवणतज्ज्ञाकडे) दोन-तीन खेपा घालाव्यात.