१५ मार्च (हंगेरीचा राष्ट्रीय दिन)

१८४८–४९ ची क्रांती आणि स्वातंत्र्ययुद्ध यांच्या स्मरणार्थ हंगेरीत पाळला जाणारा राष्ट्रीय दिन. सध्याच्या राज्यघटनेत असे तीन दिवस सांगितले आहेत. उरलेले दोन म्हणजे राज्यसंस्थापक संत इश्तवानचा २० ऑगस्ट आणि सोव्हिएत वर्चस्वाविरुद्धच्या १९५६ च्या उठावाचा २३ ऑक्टोबर. १८४८ मध्ये सुरू झालेला लढा दुसऱ्या वर्षी पराभवात संपला. लोकांनी मात्र आठवणीसाठी रणांगणावरचा दिवस निवडला नाही. पेश्ट (आजच्या बुडापेश्टचा भाग) शहरातल्या एका छापखान्यात सुरू झालेला आणि रक्त न सांडता मावळलेला एक पावसाळी दिवस त्यांनी धरून ठेवला.

हंगेरी तेव्हा व्हिएन्नाहून राज्य करणाऱ्या ऑस्ट्रियन हाब्सबुर्ग घराण्याच्या साम्राज्यात होती. तिची स्वतःची विधानसभा पोझोन्य (आजचे ब्रातिस्लाव्हा) येथे भरे. पण तीत वर्चस्व सरदार-जमीनदारांचे. त्यांना कर माफ होता आणि कुळे वेठीने बांधलेली होती. पॅरिसमधील फेब्रुवारी क्रांतीची बातमी आल्यावर ३ मार्च १८४८ रोजी सुधारणावादी पुढारी लायोश कोशुत याने या सभेत संपूर्ण साम्राज्यासाठीच संविधान मागितले. १३ मार्चला खुद्द व्हिएन्नात उठाव होऊन साम्राज्याचा चॅन्सलर (प्रमुख मंत्री) मेटरनिख याला पायउतार व्हावे लागले. ही खबर पेश्टला पोचताच पिलवाक्स नावाच्या कॉफीगृहात जमणाऱ्या तरुण लेखकांनी आता थांबायचे नाही असे ठरवले. कवी शांडोर पेटोफी, कादंबरीकार मोर योकाई, पाल वश्वारी आणि योझेफ इरिन्यी हे त्यांतले प्रमुख. सगळेच विशी-पंचविशीतले.

१५ तारखेच्या सकाळी ही मंडळी विद्यार्थ्यांना सोबत घेत लांडरर आणि हेकेनास्ट यांच्या छापखान्यावर गेली. ‘जनतेच्या नावाने’ यंत्र ताब्यात घेऊन त्यांनी सेन्सॉरची परवानगी न घेता दोन मजकूर छापले: बारा मागण्यांचे पत्रक आणि पेटोफीने दोन दिवसांपूर्वी लिहिलेले ‘राष्ट्रगीत’ (ही कविता हंगेरीचे अधिकृत राष्ट्रगीत नव्हे, ते वेगळे आहे). पत्रकातली पहिलीच मागणी होती मुद्रणस्वातंत्र्याची. ती मान्य होण्याची वाट न पाहता, मागणीचा कागद छापूनच ती अमलात आणली गेली. या दिवसाची खरी ताकद मला तरी इथेच दिसते. बाकीच्या मागण्यांत जबाबदार मंत्रिमंडळ, दरवर्षी अधिवेशन, कायद्यापुढे समानता, सर्वांना सारखा कर, वेठबिगारीचा अंत, राष्ट्रीय बँक, राजकीय कैद्यांची सुटका आणि ट्रान्सिल्व्हेनियाशी एकीकरण यांचा समावेश होता.

दुपारी राष्ट्रीय संग्रहालयासमोर पावसात सभा झाली. पेटोफीने संग्रहालयाच्या पायऱ्यांवर उभे राहून कविता म्हटली, हे चित्र हंगेरीतल्या प्रत्येक शाळकरी मुलाच्या मनात असते. पेटोफीच्या स्वतःच्या रोजनिशीत मात्र तसे नाही. त्याने ती त्या दिवशी इतरत्र म्हटली होती. सभेनंतर जमाव नगरभवनावर आणि तिथून डॅन्यूबपलीकडे बुडाला, राजाच्या प्रशासकीय परिषदेकडे गेला. परिषदेने सेन्सॉर उठवला आणि लिखाणाबद्दल तुरुंगात असलेल्या मिहाय तांचिचला सोडले. लोकांनी त्याच्या गाडीचे घोडे सोडले आणि ती स्वतः ओढत पेश्टला आणली.

पेटोफी चाळीस हजार शेतकरी घेऊन पेश्टजवळच्या राकोशच्या माळावर तळ ठोकून बसल्याची अफवा दरम्यान पोझोन्यला पसरली. तिच्यात तथ्य नव्हते, पण तिने सरदारांची घाई मात्र वाढवली. ११ एप्रिलला राजा फर्डिनांडने ‘एप्रिल कायद्यां’ना संमती दिली, वेठ संपली आणि लायोश बात्यानीचे सरकार अधिकारावर आले.

पुढचा भाग युद्धाचा. सप्टेंबरात साम्राज्याच्या बाजूने क्रोएशियाचा शासक येलाचिच याने हंगेरीवर चाल केली. १४ एप्रिल १८४९ रोजी देब्रेत्सेन येथे हाब्सबुर्ग घराणे पदच्युत केल्याची आणि स्वातंत्र्याची घोषणा झाली. मेमध्ये हंगेरियन फौजांनी बुडा परत घेतले. पण रशियाचा झार पहिला निकोलस नवा हाब्सबुर्ग सम्राट फ्रान्झ योझेफ याच्या मदतीला आला. शिवाय क्रोएट, सर्ब आणि रुमानियन समाजांनी स्वतःसाठी मागितलेले हक्क मग्यार (हंगेरियन) पुढाऱ्यांनी वेळेवर दिले नाहीत, आणि त्यांतले अनेक जण विरुद्ध बाजूने लढले. अल्पसंख्याकांविषयीचा कायदा झाला तो जुलै १८४९ मध्ये, पराभव दारात असताना. ३१ जुलैला शेगेशवारच्या लढाईत पेटोफी बेपत्ता झाला, १३ ऑगस्टला विलागोश येथे हंगेरियन फौज शरण गेली. ६ ऑक्टोबरला आराद येथे तेरा सेनानींना आणि पेश्टमध्ये बात्यानीला मृत्युदंड दिला गेला. कोशुत परागंदा झाला आणि १८९४ मध्ये तुरीनमध्ये वारला.

त्यानंतर हा दिवस पाळणे हाच गुन्हा ठरला. १८६० च्या १५ मार्चला पेश्टमधील विद्यार्थ्यांच्या मिरवणुकीवर गोळीबार झाला आणि गेझा फोरिन्याक हा विद्यार्थी त्यात जखमी होऊन पुढे मरण पावला. १८६७ मध्ये हाब्सबुर्ग राजा आणि हंगेरी यांच्यात झालेल्या तडजोडीनंतर दडपण सैल झाले, तरी पेच उरलाच: ज्या फ्रान्झ योझेफच्या राजवटीविरुद्ध युद्ध झाले, तोच आता हंगेरीचा अभिषिक्त राजा होता. म्हणून १८९८ मध्ये, पन्नाशीच्या वर्षी, सरकारने सण केला तो ११ एप्रिलचा, राजाच्या संमतीचा. तो लोकांच्या गळी कधीच नीट उतरला नाही. १५ मार्चला कायदेशीर मान मिळाला १९२७ मध्ये, साम्राज्य लयाला गेल्यानंतर.

१९५१ मध्ये कम्युनिस्ट सरकारने त्याची सार्वजनिक सुट्टी काढून घेतली. पेटोफी त्यांनाही हवाच होता, फक्त आपल्या सोयीने. म्हणून नंतर १५ मार्च, २१ मार्च (१९१९ चे हंगेरियन सोव्हिएत प्रजासत्ताक) आणि ४ एप्रिल (१९४५ मधील सोव्हिएत फौजांकडून ‘मुक्ती’) या तारखा ‘क्रांतिकारी युवक दिन’ म्हणून एका माळेत ओवल्या गेल्या. तरीही तारीख काबूत राहिली नाही. २३ ऑक्टोबर १९५६ ला विद्यार्थ्यांनी सोळा मागण्या मांडल्या, मोर्चा पेटोफीच्या पुतळ्याशी नेला आणि तिथे अभिनेता इम्रे शिंकोविचने तीच कविता म्हटली. सत्तर-ऐंशीच्या दशकांत १५ मार्चला रस्त्यावर उतरणाऱ्या तरुणांना पोलिसांचा मार खावा लागे. १९८९ मध्ये सुट्टी परत आली. त्या १५ मार्चला विरोधकांच्या प्रचंड मोर्चात दूरदर्शन भवनाच्या पायऱ्यांवर नव्या काळाच्या बारा मागण्या वाचल्या गेल्या.

आज सकाळी संसदेसमोर ध्वज चढवतात, संग्रहालयापाशी सोहळा होतो, जुन्या गणवेशातले हुसार घोडेस्वार फिरतात आणि याच सुमारास कोशुत आणि सेचेन्यी हे राष्ट्रीय पुरस्कार दिले जातात. लहानथोर सारे छातीच्या डाव्या बाजूला लाल-पांढऱ्या-हिरव्या फितीचे गोल फूल, म्हणजे कोकार्दा, लावतात. पहिले कोकार्दा पेटोफीची पत्नी यूलिया सेंद्रेई हिने केले, अशी आख्यायिका आहे. रूढ कोकार्दात लाल रंग बाहेर आणि हिरवा आत असतो. क्रम उलटा हवा, असे म्हणणारेही आहेत, आणि हा वाद दर मार्चमध्ये नव्याने रंगतो. रुमानिया, स्लोव्हाकिया आणि सर्बियातले मग्यारही हा दिवस पाळतात. बुडापेश्टमध्ये सत्ताधारी आणि विरोधक यांच्या सभा बहुधा वेगवेगळ्या चौकांत होतात आणि दोघेही १८४८ चे वारस आपणच असल्याचे सांगतात. २०२४ मध्ये पेटर मग्यार या नेत्याने तेव्हाचे पंतप्रधान व्हिक्टर ओर्बान यांच्या सरकारविरोधी राजकारणाची पहिली मोठी सभा आंद्राशी रस्त्यावर घेतली, तीही याच दिवशी.