जुना कोड, नवं रॉकेट

४ जून १९९६. फ्रेंच गयानातल्या कुरू तळावरून ‘आरियान ५’ हे युरोपचं नवं रॉकेट पहिल्यांदाच झेपावलं. चाळीस सेकंदही झाले नव्हते, तोच सुमारे ३,७०० मीटर उंचीवर ते एकाएकी वाकलं, तुटू लागलं आणि त्याने स्वतःला उडवून दिलं. पोटात ‘क्लस्टर’ मोहिमेचे चार उपग्रह होते.

घोळ होता दिशा आणि वेग मोजणाऱ्या यंत्रणेच्या सॉफ्टवेअरमध्ये. ते नवखं नव्हतं. आधीच्या आरियान ४ रॉकेटवर मुरलेलं होतं. चाललंय ते कशाला बदला!

पण आरियान ५चा आडवा वेग आरियान ४च्या पाचपट झपाट्याने वाढायचा. त्या वेगाशी निगडित एक ६४ बिटांची संख्या १६ बिटांच्या खणात बसवायची होती, आणि तिथे ३२,७६७च्या पुढचा आकडा मावत नाही. अशा सात संख्या होत्या. प्रोसेसरवरचा भार ८० टक्क्यांच्या आत राहावा म्हणून त्यांतल्या तिघींना संरक्षण दिलंच नव्हतं. आरियान ४पुरता हा हिशेब बरोबर होता, तिथे आकडा एवढा फुगायचाच नाही.

इथे फुगला, आणि त्या मोजणाऱ्या यंत्रणेचा संगणक थांबला. राखीव संगणक? तो ७२ मिलिसेकंद आधीच त्याच कारणाने थांबला होता. एखादा सुटा भाग बिघडेल म्हणून जोडीला दुसरा ठेवलेला. कोड मात्र दोघांत एकच. थांबताना आलेली बिघाडाची नोंद रॉकेट चालवणाऱ्या मुख्य संगणकाने उड्डाणाची माहिती समजून वाचली आणि इंजिनांची नोझल, म्हणजे झोत बाहेर टाकणारी तोंडं, पार टोकापर्यंत वळवली.

मला टोचतं ते वेगळंच. हे गणित उड्डाणानंतर लागतच नव्हतं! उलटगणती ऐनवेळी थांबली तर लवकर पुन्हा सुरू करता यावी, म्हणून आरियान ४मध्ये ते उड्डाणानंतरही काही सेकंद चालू ठेवत. आरियान ५ला त्याची गरज नव्हती. तरी ते चालूच राहिलं.

जाक-लुई लिओंस यांच्या चौकशी समितीचा अहवाल जुलैत आला. यंत्रणेकडून काय हवं ते लिहिताना आरियान ५च्या मार्गाचे आकडे त्यात घातलेच नव्हते, आणि त्या मार्गावर ती कशी वागेल याची चाचणीही झाली नव्हती.

विमानांच्या सॉफ्टवेअरसाठी आज डीओ-१७८सी हे मानक आहे. जुनं सॉफ्टवेअर नव्या विमानात घ्यायला त्याची हरकत नाही. मात्र प्रोसेसर, जोडणी, वापर यांत काय बदललं ते तपासून लागेल तिथे चाचण्या पुन्हा कराव्या लागतात. बंद ठेवलेला कोड चुकून जागा होणार नाही, हेही दाखवावं लागतं. अमेरिकेची विमान नियामक संस्था एफएए तर सुट्या सॉफ्टवेअरला प्रमाणपत्र देतच नाही. ते मिळतं विमानाला, इंजिनाला किंवा प्रोपेलरला, आतल्या सॉफ्टवेअरसकट.