मोटार घुमते, हूक हलत नाही: फेज गेली की ब्रेक अडकला?

विहिरीवरची मोटार एक फेज नसताना चालू केली की काय होतं, हे गावाकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. घूं करत जागीच थरथरते, फिरत नाही. कारखान्यातला वायर रोप होइस्टही (पोलादी दोरानं भार उचलणारं यंत्र) कधीकधी नेमका तोच सूर लावतो. पेंडंटवर, म्हणजे लटकत्या बटणपेटीवर, ‘अप’ दाबलं, मोटार घुमली, हूक आहे तिथंच. आपण लगेच म्हणतो, फेज गेली. पण होइस्टमध्ये पंपात नसलेली आणखी एक वस्तू असते, ती म्हणजे ब्रेक. तो सुटला नाही तरी आवाज असाच येतो.

एका फाउंड्रीत मी यात पुरता फसलो होतो. टेस्टर लावला, तिन्ही वायरींवर दिवा पेटला. म्हणजे फेज आहेत, असं धरून ब्रेक उघडला, कॉइल बदलली, अर्धा दिवस घालवला. होइस्ट तसाच घुमत राहिला. दोष वर, डीएसएलच्या, म्हणजे होइस्टला वीज देणाऱ्या बारच्या, एका कलेक्टर शूवर (बारवर घासत वीज घेणारा तुकडा) होता. काजळीच्या थरामुळे शू बारला टेकतच नव्हता. मग टेस्टर का पेटला? उरलेल्या दोन फेजचा दाब मोटारीच्या वाइंडिंगमधून फिरून मेलेल्या वायरवर परत येतो. टेस्टरला तेवढं पुरतं. तेव्हापासून या कामात टेस्टरवर माझा विश्वास नाही.

क्लॅम्प मीटर (वायरीभोवती अडकवून करंट मोजणारा) मात्र खोटं बोलत नाही. हूक रिकामा ठेवायचा, खाली कुणाला उभं राहू द्यायचं नाही, बटण एक-दोन सेकंद दाबायचं आणि मोटारीच्या तीन वायरींचा करंट एकेक करून पाहायचा. ब्रेक अडकला असेल तर तिन्ही फेज पोचलेल्या असतात, फक्त रोटर, म्हणजे मोटारीचा फिरणारा भाग, जखडलेला असतो. त्यामुळे तिन्हींत जवळपास सारखा आणि मोटारीच्या पाटीवरच्या रेटेड करंटच्या पाच-सहा पट करंट दिसतो. फेज गेली असेल तर एका वायरीत शून्य आणि उरलेल्या दोघींत सारखाच भरमसाट. हे काम चालू विजेवरचं आहे, तेव्हा ज्याला त्याची परवानगी आहे त्यानंच करावं.

मीटर हाताशी नसेल तर ‘डाउन’ दाबून बघा. खाली नीट चालतं आणि वर फक्त घुमतं, तर बहुधा ‘अप’ कॉन्टॅक्टरचा (बटण दाबल्यावर मोटारीला वीज जोडणारा स्विच) एक पोल, म्हणजे एका फेजचा कॉन्टॅक्ट, जळालेला असतो. दोन्हीकडे घुमत असेल तर दोष दोन्ही दिशांना सामाईक असलेल्या भागात शोधायचा: सप्लाय, शू, फ्यूज किंवा ब्रेक. कानही उपयोगी पडतो. ब्रेक सुटताना ‘टक्’ असा आवाज येतो. टक् झालं आणि तरी मोटार घुमत राहिली, तर संशय फेजवर. टक् झालंच नाही, तर ब्रेकवर किंवा त्याला वीज देणाऱ्या फेजवर. पण कोनिकल (शंकूच्या आकाराच्या) रोटरच्या मोटारीत हा नियम चालत नाही. तिथं रोटर स्वतःच सरकून ब्रेक सोडवतो, आणि एक फेज नसेल तर ती ओढ अपुरी पडू शकते. तिथं फेज गेली की ब्रेकही अडकू शकतो, म्हणजे दोन्ही दुखणी एकदम.

आता ब्रेकबद्दल. गाडीत पाय दाबला की ब्रेक लागतो, होइस्टमध्ये उलट. स्प्रिंगनं तो कायम लागलेला असतो. वीज आली की चुंबक आर्मेचर प्लेट ओढून त्याला सोडवतो. कॉइल सहसा डीसीवर चालते. 415 व्होल्ट एसी हाफ वेव्ह रेक्टिफायरमधून (एसीचा डीसी करणारा भाग) गेले की साधारण 187 व्होल्ट डीसी मिळतात. बटण दाबून कॉइलवर शून्य दिसलं तर रेक्टिफायर किंवा त्याचा सप्लाय बघा. व्होल्टेज नीट असूनही प्लेट हलत नसेल तर कॉइल तुटलेली असेल, नाहीतर गॅप वाढलेली. लायनर (ब्रेकचं घासणारं अस्तर) झिजतं तसं चुंबक आणि प्लेट यांतलं अंतर वाढतं आणि एका टप्प्यानंतर ओढ पुरत नाही. म्हणून झिजलेला ब्रेक पुष्कळदा आधी ‘सुटत नाही’ अशी तक्रार करतो. इथं काही फिटर स्प्रिंग सैल करतात. ब्रेक लगेच सुटतो, होइस्ट चालतो, सगळे खूश, आणि भार धरायची ताकद गेलेली असते. गॅप फीलर गेजनं (पातळ पात्यांचं माप) तिन्ही बाजूंनी मोजून मेकरच्या आकड्यावर आणायची, लायनर संपलं असेल तर बदलायचं. मग भार जेमतेम वीतभर उचलून धरून बघायचा.

या दोन दोषांत जास्त भीती कुणाची? अडकलेला ब्रेक मोटार जाळेल, पण भार आहे तिथंच ठेवेल. फेजचं तसं नाही. ब्रेकच्या रेक्टिफायरला सप्लाय सहसा दोनच फेजमधून दिलेला असतो. त्यांतली एखादी गेली तर ब्रेकही सुटणार नाही, फक्त घूं. पण तिसरी गेली तर ब्रेक मोकळा होतो आणि मोटारीला सुरुवातीचा जोर नसतो. लटकलेला भार रोटरला उलटं फिरवायला लागतो, आणि एकदा फिरायला लागलेली मोटार दोन फेजवर त्याच दिशेनं फिरत राहते. दाबलंय ‘अप’ आणि भार खाली येतोय! ऑपरेटर घाबरून ‘अप’ आणखी जोरात दाबतो. खरं तर बटण सोडायला हवं, म्हणजे कॉइलची वीज जाऊन स्प्रिंग ब्रेक लावेल. नंतर ही हकीकत ‘ब्रेक घसरला’ अशी सांगितली जाते आणि चांगला ब्रेक उगाच उघडला जातो. अशा झटक्यानंतर दोर ड्रमच्या खाचांत नीट बसलाय का, तेही पाहून घ्या.

मोटार जळलीच तर रिवाइंडरकडे स्टेटर (वाइंडिंग असलेला, न फिरणारा भाग) टाकून नुसतं निघून येऊ नका. वाइंडिंग चहूकडून सारखं काळं असेल तर रोटर जखडला होता, किंवा भार जास्त होता. काही गट काळे आणि काही नव्यासारखे दिसले तर फेज गेली होती: स्टार जोडणीत दोन फेजचे गट जळतात, डेल्टात एकाच फेजचे. हे न बघता नवी वाइंडिंग बसवली तर महिन्याभरात तोच स्टेटर पुन्हा त्याच टेबलावर येतो.

फेज फेल्युअर रिले (एखादी फेज गेली की मोटार बंद करणारा) बसवला असेल तर तो कुठं आहे, हेही विचारा. शेडच्या मेन पॅनेलमधल्या रिलेला डीएसएलच्या पुढचा शू दिसत नाही. होइस्टच्या पॅनेलमध्ये बसवला तर शू दिसतो, पण कॉन्टॅक्टरचा जळालेला पोल त्यालाही दिसत नाही, कारण तो पोल रिलेच्या पुढे असतो. ते कॉन्टॅक्ट दर तपासणीला मेन बंद करून, कुलूप लावून, उघडून बघावेच लागतात.