निळी रेषा म्हणजे बॉर्डर नव्हे: लेबनॉन-इस्रायल भांडणाची पार्श्वभूमी

"लेबनॉन सीमेवर पुन्हा गोळीबार" अशी बातमी आली की मला पहिला प्रश्न पडतो, कुठली सीमा? दोन्ही देशांनी सही करून मान्य केलेली बॉर्डर तिथे नाहीच. आहे ती निळी रेषा, साधारण १२० किलोमीटरची, २००० साली युनोच्या नकाशेवाल्यांनी आखलेली, आणि आखतानाच त्यांनी सांगून टाकलं होतं की ही सीमा नाही, इस्रायली सैन्य पूर्ण मागे गेलं का एवढंच तपासायला ओढलेली रेघ आहे.

जुना इतिहास थोडक्यात. १९२३ मध्ये ब्रिटिश आणि फ्रेंचांनी आपापल्या ताब्यातल्या मुलखांमधली (इकडे पॅलेस्टाईन, तिकडे लेबनॉन-सीरिया) हद्द ठरवली, १९४९ च्या युद्धबंदीत तीच धरली. १९७८ मध्ये इस्रायल दक्षिण लेबनॉनमधल्या लिटानी नदीपर्यंत घुसला, युनोने "मागे जा" असा ४२५ नंबरचा ठराव केला आणि शांतीसेना पाठवली. मग १९८२ ला तर थेट बैरूतपर्यंत. ठराव कागदावर बावीस वर्षं पडून राहिला आणि मे २००० मध्ये इस्रायली सैन्य एकदाचं निघालं, ते पण जवळपास रातोरात.

आता खरी गुंतागुंत. निघालं म्हणजे नेमकं कुठून कुठे गेलं? ते तपासायला निळी रेषा आली, जूनमध्ये युनोने सांगितलं की ४२५ ची अंमलबजावणी झाली, विषय संपला. लेबनॉन म्हणाला कुठे संपला, शेबा शेतं राहिली की.

ही शेबा शेतं म्हणजे हर्मोन डोंगराच्या उतारावरची साधारण २५ चौरस किलोमीटर जमीन. शेबा हे गाव लेबनॉनमध्ये, त्याच गावच्या लोकांची शेतं पलीकडे उतारावर, आणि १९६७ च्या युद्धात इस्रायलने सीरियाचं गोलान पठार घेतलं तेव्हा ही पण त्यातच गेली, कारण त्या वेळी तिथे सीरियाचं सैन्य होतं. आपल्या भाषेत सांगायचं तर सातबारा एका देशाचा आणि नकाशा दुसऱ्याचा. गावकऱ्यांकडे लेबनॉनची कागदपत्रं, टॅक्सही तिकडेच भरलेला, पण फ्रेंच काळापासूनचे बहुतेक नकाशे ही जमीन सीरियात दाखवतात, अगदी लेबनॉनच्या स्वतःच्या सरकारी खात्यांनी छापलेले सुद्धा! फ्रेंचांनी लेबनॉन आणि सीरिया यांच्यातली हद्द कधी नीट आखलीच नाही, नंतर या दोघांनीही ते घोंगडं भिजत ठेवलं.

युनोने काय केलं, तर शेतं सीरियाच्या खात्यावर टाकली. म्हणजे ती ४२५ खाली येत नाहीत, गोलानबरोबर १९६७ च्या युद्धानंतरच्या २४२ नंबरच्या ठरावाखाली येतात, तो हिशोब इस्रायल आणि सीरियाने बघावा. नकाशांच्या दृष्टीने हे बरोबरच होतं, पण माझ्या मते इथेच पुढची सगळी मेख बसली. सीरिया तोंडाने म्हणायचा की शेतं लेबनॉनचीच, पण मग हद्द आखून द्या म्हटलं की आधी इस्रायल निघू दे मग बघू. त्याला तसं बरंच पडत होतं. आणि दक्षिण लेबनॉनच्या त्या सशस्त्र शिया संघटनेला (हिजबुल्ला) बंदूक खाली न ठेवायला कायमचं कारण मिळालं, आमची जमीन अजून त्यांच्याकडे आहे ना. ऑक्टोबर २००० मध्येच शेबा भागातून तीन इस्रायली सैनिक पळवले गेले.

२००६ चं ३४ दिवसांचं युद्ध सगळ्यांना आठवत असेल, लेबनॉनमध्ये हजाराच्या वर आणि इस्रायलमध्ये दीडशेच्या वर माणसं गेली. ते थांबवणाऱ्या १७०१ नंबरच्या ठरावात पण शेबाचा उल्लेख आहे, उत्तर नाही. त्यानंतर निळ्या रेषेवर खुणेचे निळे पिंप बसवायला सुरुवात झाली, एकेका पिंपासाठी दोन्ही सैन्यांना राजी करायचं, म्हणजे काम किती सावकाश चाललं असेल बघा.

रेषा आणि कुंपण हेही एक नाही, हे लोकांना माहीत नसतं. इस्रायलचं तारेचं कुंपण बऱ्याच ठिकाणी रेषेच्या आत, त्यांच्याच बाजूला आहे. त्यामुळे मधे अशा पट्ट्या राहतात ज्या कुंपणाच्या लेबनॉनकडच्या बाजूला आहेत पण रेषेच्या हिशोबाने इस्रायलच्या. ऑगस्ट २०१० मध्ये अदैसे गावाजवळ अशाच पट्टीतलं एक झाड छाटायला इस्रायली सैन्याने कुंपणावरून क्रेनचा हात पलीकडे टाकला. लेबनॉनच्या सैनिकांनी गोळी चालवली, मग तोफा, दोन लेबनीज सैनिक, एक पत्रकार आणि एक इस्रायली अधिकारी मेले. एका झाडापायी! दुसऱ्या दिवशी युनोने सांगितलं की झाड रेषेच्या इस्रायली बाजूला होतं. लेबनॉनचं म्हणणं, त्या जागी आम्ही रेषेवरच हरकत नोंदवलेली आहे.

८ ऑक्टोबर २०२३ ला त्या संघटनेने पहिला मारा केला तो पण शेबा शेतांमधल्या चौक्यांवर. मुद्दाम तिथे, कारण "ही आमचीच जमीन आहे" म्हणता येतं. त्याचं वर्षभराने पूर्ण युद्ध झालं, २७ नोव्हेंबर २०२४ ला युद्धबंदी, मुदत वाढवून झाली तरी इस्रायली सैन्य रेषेच्या लेबनॉनकडच्या बाजूला पाच टेकड्यांवर बसून राहिलं.

समुद्रातली हद्द मात्र २०२२ मध्ये अमेरिकेच्या मध्यस्थीने ठरली, कारण तिथे गॅस होता. त्यातही किनाऱ्यालगतचे पहिले पाचेक किलोमीटर "आहे तसं राहू दे" म्हणून सोडून दिले, जमिनीवरची रेषा किनाऱ्याला कुठे टेकते यावरच एकमत नव्हतं.

शेबाच्या खालच्या अंगाला इबेल अस-साकी परिसरात १९९८ पासून युनोच्या शांतीसेनेतली भारतीय बटालियन आहे, म्हणजे निळी रेषा आखायच्याही आधीपासून. ऑगस्ट २०२५ मध्ये सुरक्षा परिषदेने ठरवलं की शांतीसेनेचं काम ३१ डिसेंबर २०२६ ला संपेल आणि पुढच्या वर्षभरात सगळ्या तुकड्या माघारी जातील. पिंप तिथेच राहतील, ते नेमके कुठे असावेत यावर दोन्ही सैन्यांना एका टेबलाशी बसवणारी शांतीसेना मात्र नसेल.