वाआ (हवाईची उलांडीची होडी)

हवाई बेटांवरील पारंपरिक होडी. एकाच खोडातून कोरलेले लांब, अरुंद धड आणि डाव्या अंगाला दोन आडव्या दांड्यांनी जोडलेली उलांडी, म्हणजे तोल राखणारा तरंगता जोड, ही तिची ठेवण. शर्यतीच्या आजच्या होडीत सहा जण बसतात. तिची लांबी साधारण 40 ते 45 फूट, वजन सुमारे 180 किलो.

उलांडीच्या उगमाबद्दल एकमत नाही. जेम्स हॉर्नेल यांनी 1920 च्या सुमारास भारतीय नौकांचा अभ्यास करताना दक्षिण भारताच्या किनाऱ्यावरील उलांड्यांचा संबंध पॉलिनेशियनांच्या पूर्वजांशी जोडला होता. आता हा संबंध इंडोनेशियाकडील ऑस्ट्रोनेशियन भाषाकुळातील दर्यावर्दींमार्फत आला असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. कोकणातल्या एकउलांडी होड्यांचा विचारही याच चौकटीत करावा लागतो. अभ्यासक एडविन डोरन यांच्या मते जोडहोडी (दोन धडे जोडलेली) सर्वांत जुनी, एकउलांडी तिच्यानंतरची आणि दुउलांडी सर्वांत अलीकडची. याउलट दुउलांडीला आधीचे स्थान देणारेही आहेत. भौगोलिक प्रसार पाहता डोरन यांची मांडणी जास्त पटते. हवाईतील पहिल्या वस्तीचा काळ जुन्या ग्रंथांत इ.स. 300 ते 600 असा आढळतो. नव्या कार्बन-कालमापनानुसार तो बहुधा 1000 ते 1250 च्या दरम्यान येतो.

धड कोआ नावाच्या बाभूळवर्गीय वृक्षाचे. परंपरेनुसार एलेपायो हा लहान पक्षी तोडलेल्या खोडावर जिथे थांबून टोचत राही, तिथे कीड आहे असे समजून ते खोड टाकून देत. यामागे चांगले निरीक्षण आहे, कारण पक्षी अळ्यांसाठीच टोचतो. खोड जंगलातच ढोबळ कोरून मग किनाऱ्याकडे ओढत आणत. उलांडीचा तरंगता ओंडका (आमा) हलक्या विलिविली लाकडाचा, आडव्या दांड्या (इआको) हाऊच्या लाकडाच्या. पूर्वी हे सारे नारळाच्या काथ्याने बांधत. आता सुती दोरी किंवा रबरी पट्ट्या वापरतात. पुरेशी मोठी कोआची झाडे आता दुर्मिळ झाल्याने बहुतेक होड्या फायबरग्लासच्या असतात, मात्र राज्य अजिंक्यपदासाठी कोआचीच होडी लागते.

बांधणीत चूक झाली तर ती पाण्यात लगेच जाणवते. दोरी सैल राहिली की इआको काठावर घासते, आमा तिरकी होते आणि होडी एका अंगाला ओढू लागते. आमा फार दाबून बसवली तर ती पाणी ओढते. फार वर राहिली तर होडी उलटण्याचा धोका वाढतो. पहिली जागा लय ठरवते, सहावी सुकाणू सांभाळते. साधारण 12 ते 16 वल्ह्यांनंतर इशारा होतो आणि सगळे बाजू बदलतात. बदल अडखळला की वेग पडतो.

होडी बहुधा आमा उचलली जाऊन उजवीकडे उलटते. याला हूली म्हणतात. आधी माणसे मोजायची, मग वल्ही गोळा करायची. दोघे-तिघे पालथ्या धडावर उभे राहून इआको धरतात आणि मागे झुकतात. एकजण पलीकडून आमा वर ढकलतो. होडी सुलटताना आमा आपटू द्यायची नाही, आणि पाणी उपसून होईपर्यंत तिच्यावर एकाने वजन ठेवायचे, नाहीतर आतल्या पाण्याच्या हेलकाव्याने होडी पुन्हा उलटते.

मिशनरी काळात मागे पडलेल्या शर्यतींना राजा कालाकाउआ यांच्या कारकिर्दीत पुन्हा आश्रय मिळाला. मोलोकाई ते ओआहू या बेटांमधल्या काइवी पात्रातून (सामुद्रधुनीतून) जाणारी पुरुषांची शर्यत 1952 पासून होते. स्त्रियांना या पात्रात उतरण्यासाठी बराच काळ वाट पाहावी लागली. 1975 मध्ये त्यांच्या दोन चमूंनी ते अनधिकृतपणे पार केले. ‘ना वाहिने ओ के काई’ ही अधिकृत शर्यत 1979 पासून सुरू झाली. तिच्या उभारणीत हॅनी अँडरसन यांचा वाटा मोठा असून त्यांनी अनेक वर्षे शर्यतीचे संचालन केले. अशा स्त्रियांचे काम एका शर्यतीपुरते नसते. मुलांना वल्हे धरायला शिकवणे, होड्यांची निगा, किनाऱ्यावरची सोय हे सारे क्लबांत स्वयंसेवेने चालते, आणि त्याखेरीज क्लब टिकलेच नसते.

काइवी पात्रातून जाणाऱ्या या शर्यतीचे अंतर सुमारे 66 किमी. चमूत सहाहून अधिक जणी असतात. सोबतची बोट ताज्या दमाच्या वल्हेकऱ्यांना होडीच्या पुढ्यात, तिच्या वाटेवर पाण्यात सोडते. सुकाणूवाली त्यांच्या रोखाने होडी आणते. उतरणाऱ्या उजवीकडून उडी मारतात, येणाऱ्या आमाच्या बाजूने काठ पकडून चढतात. एखादीचा काठ निसटला तर तिची जागा रिकामी राहते आणि बोटीने तिला पुन्हा पुढे नेऊन सोडेपर्यंत उरलेल्यांनाच होडी ओढावी लागते.