सगळ्यांना मेडल, ही पद्धत नेमकी आली कुठून?

मागच्या रविवारी पुतणीच्या स्केटिंग स्पर्धेला गेलो होतो. वय सहा, गट पण सहा वर्षांखालचाच. सुरुवातीलाच धपकन पडली, उठली, गुडघा चोळला आणि मागे राहूनसुद्धा शेवटपर्यंत गेली. नंतर सगळ्या पोरांना रांगेत उभं करून तिरंगी रिबिनीची मेडल्स घातली, मागच्या बाजूला गोल स्टिकर आणि त्यावर 'सहभाग'. घरी येताना गाडीवर पुढे बसून ती मेडल उलटसुलट करत होती आणि एकदम विचारलं, "काका, पण माझा नंबर कितवा आला?" मी खरं ते सांगितलं, शेवटून दुसरा. "बरं" म्हणाली आणि रात्री मेडल गळ्यात घालूनच झोपली.

फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला आणि लगेच वाद सुरू, की आमच्या वेळी असलं काही नव्हतं, पहिल्या तिघांनाच बक्षीस, आता सगळ्यांनाच वाटतात म्हणून पोरं मेहनत करत नाहीत वगैरे. म्हणून जरा मागे जाऊन बघितलं.

पहिली गोष्ट, आपल्याकडे 'उत्तेजनार्थ' होतंच की. तिसऱ्या नंबरानंतर एक-दोघांना मिळायचं आणि घेणाऱ्याला जरा अवघडल्यासारखं व्हायचं, पण शब्द मूळचा कमीपणाचा नाही. एकोणिसाव्या शतकातल्या पुण्यात वेदशास्त्रोत्तेजक सभा, वक्तृत्वोत्तेजक सभा अशा संस्थाच निघाल्या, तिथे उत्तेजन म्हणजे माणसाने त्या वाटेवर पुढे जावं म्हणून दिलेला हात. फक्त तो निवडक लोकांना होता, सगळ्यांना नाही.

सगळ्यांना मेडल म्हटलं तर थेट ऑलिम्पिकपर्यंत जावं लागतं. १८९६ ला अथेन्सला पहिल्याला चांदीचं मेडल आणि ऑलिव्हची फांदी, दुसऱ्याला ब्राँझचं, तिसऱ्याला काहीच नाही, सोनं-चांदी-ब्राँझ ही पद्धत १९०४ च्या सेंट लुईसपासूनची. पण त्याच १८९६ मध्ये भाग घेतलेल्यांसाठी वेगळं स्मरणपदक होतं आणि ती प्रथा पुढेही टिकली. ती आठवण होती, तू इथे होतास एवढंच सांगणारी, तिला कुणी विजेत्याच्या मेडलच्या शेजारी ठेवून मोजलं नाही. अमेरिकेत ओहायोच्या एका पेपरात १९२२ मध्ये शाळांच्या बास्केटबॉल स्पर्धेच्या बातमीत सहभागाच्या ट्रॉफ्यांचा उल्लेख सापडतो, म्हणजे 'हल्लीच्या पिढीचे लाड' म्हणून जे सांगतात ते शंभर वर्षं जुनं आहे.

मग भांडण कधी सुरू झालं? माझ्या मते १९८६ नंतर. कॅलिफोर्नियात जॉन वास्कॉन्सेलॉस नावाचे एक आमदार होते, त्यांच्या आग्रहामुळे तिथल्या सरकारने आत्मसन्मान या विषयावर चक्क टास्क फोर्स नेमला. कल्पना अशी की माणसाला स्वतःबद्दल चांगलं वाटलं की गुन्हे, व्यसनं, शाळेतली गळती सगळंच कमी होईल. त्यासाठी संशोधकांनी जो अभ्यास केला त्यात हा संबंध फारच कच्चा निघाला, पण तोवर लाट शाळांत आणि मैदानांवर पोचली होती. इथे मेडलचा अर्थच बदलला, आधी ती आठवण होती, आता ते औषध झालं, आणि औषध म्हटलं की गुण येतो का हे लोक विचारणारच. २०१५ मध्ये अमेरिकन फुटबॉलपटू जेम्स हॅरिसनने आपल्या सहा आणि आठ वर्षांच्या मुलांना मिळालेल्या सहभागाच्या ट्रॉफ्या परत करणार असं जाहीर केलं आणि वाद जगभर गेला.

या सगळ्यात मला सगळ्यात पटलेला विचार नॉर्वेचा आहे. तिथे १९८७ मध्ये मुलांच्या खेळासाठी नियम केले, २००७ मध्ये त्याला मुलांच्या हक्कांची जोड दिली. अकरा वर्षं होईपर्यंत निकालाच्या याद्या नाहीत, गुणतक्ते नाहीत, रँकिंग नाही, आणि बारा वर्षांपर्यंत बक्षीस द्यायचंच असेल तर सगळ्यांना द्यायचं. मॅचेस मात्र होतात, गोल होतात, पोरं स्कोअर बोटांवर मोजतातच, फक्त मोठी माणसं तो भिंतीवर लावत नाहीत. आणि हाच देश २०१८ च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये ३९ मेडल्स घेऊन पहिला आला. नियमामुळेच आला असं मी म्हणणार नाही, बर्फ आणि पैसा दोन्ही तिथे आहे, पण या नियमांनी पोरं मऊ पडतात हे म्हणणं तरी तिथे टिकत नाही.

आपल्याकडचं उलटं टोक आठवतं ते कल्याणचं. जानेवारी २०१६, शालेय क्रिकेट, प्रणव धनावडेचे नाबाद १००९, टीमचे ३ बाद १४६५. प्रणवचं कौतुक आहेच आणि राहील. पण समोरची टीम ३१ आणि ५२ मध्ये आऊट झाली, आणि त्या दोन डावांच्या मध्ये त्या अकरा पोरांनी तासन्‌तास उन्हात बाउंड्रीवरून बॉल आणून दिले होते. ती पण शाळकरी पोरंच होती आणि दुसऱ्या दिवशी परत मैदानात उतरली, त्याला आपल्याकडे शब्दच नाही. 'सहभाग' हा शब्द त्यांच्यासाठी फारच फिका आहे.

आणि गंमत बघा, आपल्या शासकीय शालेय स्पर्धांचे मुख्य गट आहेत १४, १७ आणि १९ वर्षांखालचे. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य ही शिडी चढायची ती त्या वयात, पुढे दहावी-बारावीला सवलतीचे गुणही तिथूनच. म्हणजे आपली जुनी रचना नॉर्वेच्या फार लांब नव्हती. सहा वर्षांखालचा गट, एक-दोन-तीनचा स्टँड आणि बाकीच्यांना स्टिकरवालं मेडल हे सगळं खाजगी अ‍ॅकॅडम्यांच्या स्पर्धांमधून आलंय, जिथे एंट्री फी भरलेल्या प्रत्येक घरी काहीतरी पाठवावं लागतं. पुतणीच्या मेडलवरून ग्रुपवर जे भांडलो त्यात सहाव्या वर्षी ही रेस ठेवलीच कशाला, हे आमच्यापैकी एकानेही विचारलं नाही.