बावन्न टक्क्यांची पारख

1962 च्या सुमाराची गोष्ट. डॅलस काउबॉइज या अमेरिकन फुटबॉल संघाचा व्यवस्थापक टेक्स श्रॅम आयबीएमच्या एका उपकंपनीकडे अजब मागणी घेऊन गेला. कॉलेजात खेळणाऱ्या शेकडो पोरांमधून चांगला खेळाडू कोण निघेल, हे तुमच्या कॉम्प्युटरला सांगता येईल का? हे काम ज्याच्याकडे आलं तो संख्याशास्त्रज्ञ होता सलाम कुरेशी. अलीगढला शिकलेला, आणि अमेरिकन फुटबॉल कशाशी खातात हे ठाऊक नसलेला.

ते अज्ञान पथ्यावरच पडलं असावं. संघाचे स्काउट, म्हणजे गावोगाव फिरून खेळाडू हेरणारे लोक, आपापल्या भाषेत शेरे लिहीत. 'पोरगा जिगरबाज आहे' या शेऱ्यातली जिगर एकाची दुसऱ्याशी ताडून बघणार कशी? कुरेशींनी स्काउटांकडून खेळाडूत काय काय बघता याची यादी मागवली. ती तीनशेच्या वर गेली. तिची चाळण करत ते पाच गुणांवर आले : स्वभाव, चपळाई आणि शरीरावरचा ताबा, चुरस, बुद्धीची तल्लखता, ताकद आणि तिचा स्फोट. मग प्रत्येक गुणाला ठरावीक प्रश्न आणि 1 ते 9 मध्ये गुणांकन. काउबॉइजनी 1966 पासून सलग वीस हंगाम हरण्यापेक्षा जास्त सामने जिंकले. श्रेय एकट्या कॉम्प्युटरचं नव्हे, पण बाकीच्या संघांचे कान टवकारले एवढं खरं.

आता या निवडीची रीत. आपल्याला आयपीएलचा लिलाव माहीत आहे : ज्याची बोली मोठी त्याचा खेळाडू. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये कॉलेजातून येणाऱ्या नव्या खेळाडूंवर बोली लागत नाही, ड्राफ्ट होतो. संघ 32, फेऱ्या सात. मागच्या हंगामात जो सगळ्यात तळाला, त्याला पहिला नंबर, विजेत्याला शेवटचा. पहिला ड्राफ्ट 1936 साली फिलाडेल्फियात झाला. कल्पना मांडणारा बर्ट बेल स्वतः तळाच्या संघाचा मालक होता, हे वेगळं सांगायला नको. पहिल्या नंबरवर त्याच्या संघाने जे बर्वॅंगर नावाचा खेळाडू निवडला, आणि तो गडी व्यावसायिक फुटबॉल कधी खेळलाच नाही! ड्राफ्टचा इतिहास असा पहिल्याच नावापासून फसलेला आहे.

निवडीआधी दरवर्षी इंडियानापोलिसला तीनशेहून अधिक खेळाडू बोलावून त्यांची मोजमापं घेतात. याला कम्बाइन म्हणतात. हे सुरू झालं मुळात डॉक्टरी तपासणीसाठी, आणि आजही संघांच्या दृष्टीने गुडघ्याचा एमआरआय हाच तिथला सगळ्यात कामाचा कागद. पण टीव्हीवर दिसते ती पळापळ. 40 यार्ड, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर, किती सेकंदांत? 225 पौंडांचा, म्हणजे 102 किलोंचा बार छातीवरून किती वेळा उचलला? जागेवरून उडी किती उंच? क्वार्टरबॅकची, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणाऱ्याची, वीतसुद्धा मोजतात. 2020 मध्ये जो बरोची वीत 9 इंचच भरली तेव्हा चेंडू हातातून निसटेल म्हणून बोभाटा झाला. त्याने निवृत्तीचा विचार करतोय अशी थट्टा केली, आणि त्या वर्षी पहिल्या नंबरवर तोच गेला.

पळण्याची वेळ जरा जवळून बघण्यासारखी आहे. कम्बाइनमध्ये शेवटची रेषा यंत्र टिपतं, पण सुरुवातीचं बटण वर्षानुवर्षं माणूस दाबत आला. खेळाडू हलला हे डोळ्यांना दिसून बोट हलेपर्यंत सेकंदाचा पाचवा भाग सहज जातो, आणि तो दर वेळी सारखा नसतो. दोन खेळाडूंमधला फरक मात्र कित्येकदा सेकंदाच्या विसाव्या भागाचा. मोजमापातली चूक मोजायच्या फरकाएवढी असेल तर 4.40 आणि 4.45 यांच्यात निवडायचं काय? 2017 मध्ये जॉन रॉस 4.22 सेकंदांत पळाला, तेव्हाचा विक्रम. सिनसिनाटीने त्याला नवव्या नंबरवर घेतलं. त्याचं काम फेकलेला चेंडू झेलण्याचं, आणि पहिल्या हंगामात त्याने एकही झेल घेतला नाही.

म्हणून वेग बिनकामाचा, असं काही जण म्हणतात. ते घाईचं आहे. आयआयटीच्या एका वर्गात जेईईचा क्रमांक बघून पुढे कोण नाव काढेल हे सांगणं अवघड असतं, पण त्यामुळे जेईई फुकट ठरत नाही. वर्गात बसलेले सगळेच त्या चाळणीतून आलेले असतात. कम्बाइनला पोचलेले सगळेच जबरदस्त पळतात. सगळेच वेगवान असले की वेगावरून भविष्य दिसेनासं होतं, आणि वेगळं काढायला उरतात त्या मोजायला कठीण गोष्टी : चार जण अंगावर धावून येत असताना दोन सेकंदांत कोण मोकळा आहे हे हेरणं वगैरे. त्यासाठी 12 मिनिटांत 50 प्रश्नांची वंडरलिक नावाची बुद्धिचाचणीही अनेक वर्षं घेतली. 2022 मध्ये ती कम्बाइनमधून गेली. बरं झालं.

टॉम ब्रॅडीचं उदाहरण इथे हटकून दिलं जातं. 2000 साली 5.28 सेकंद, म्हणजे रडतखडत पळालेला, सहाव्या फेरीत 199 वा निवडलेला, आणि पुढे सात सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, जिंकलेला. न्यू इंग्लंड पेट्रियट्सची पारख बघा, म्हणतात. पण त्याच ड्राफ्टमध्ये त्याच पेट्रियट्सनी ब्रॅडीच्या आधी सहा खेळाडू उचलले होते. रत्न ओळखलं होतं तर सहा वेळा बाजूला कशाला ठेवलं?

हा प्रश्न नीट आकड्यांत विचारला केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोन संशोधकांनी. थेलरना पुढे 2017 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. दोघांनी अनेक वर्षांचे ड्राफ्ट घेतले आणि एकाच जागेवर खेळणारे, एकापाठोपाठ निवडले गेलेले दोन-दोन खेळाडू ताडून पाहिले. आधी निवडलेला नंतरच्यापेक्षा सरस निघाला का? सरस म्हणजे किती सामन्यांत सुरुवातीपासून मैदानात उतरला. उत्तर आलं 52 टक्के. स्काउटांचे दौरे, व्हिडिओ, मुलाखती आणि वीत मोजून झाल्यावर नाणेफेकीपेक्षा दोन टक्के जास्त. पहिल्या फेरीतले खेळाडू एकूणात पाचव्या फेरीतल्यांपेक्षा चांगले असतातच. लगतच्या दोघांत कोण, हे मात्र जवळजवळ कुणालाच कळत नाही.

आणि नेमक्या त्याच फरकासाठी संघ भरमसाट मोजतात. ड्राफ्टमधले हे नंबर संघांना आपसांत अदलाबदलीने देता-घेता येतात. 1991 च्या आसपास काउबॉइजनीच त्यांचा दरतक्ता बनवला : पहिल्या नंबरला 3000 गुण, दुसऱ्याला 2600, बत्तिसाव्याला 590. हाच तक्ता पुढे लीगभर रूढ झाला. एका पहिल्यासाठी पाच बत्तिसावे! शिवाय आज वरचा नंबर हवा म्हणून पुढच्या वर्षीचा नंबर देऊन टाकतात, त्यात दडलेला व्याजदर थेलर-मॅसींनी काढला तो वर्षाला 136 टक्के निघाला. सावकारसुद्धा लाजेल.

असं का होतं? एकाच खेळाडूबद्दल 32 संघांचे 32 अंदाज असतात. त्याला मिळवण्यासाठी वर सरकतो तो संघ, ज्याचा अंदाज सगळ्यांत चढा. म्हणजे ज्याची चूक सगळ्यांत मोठी असण्याचा संभव, त्याच्याच गळ्यात माळ पडते. समुद्रातल्या तेलक्षेत्रांच्या लिलावात अभियंत्यांनी 1971 मध्येच हे दाखवून दिलं होतं. तेव्हा शहाणपण उलट बाजूला आहे : वरचा एक नंबर विकून खालचे दोन-तीन घ्या आणि जास्त वेळा चुकायची सोय करून ठेवा. नियमही मध्ये बदलले. 2010 च्या पहिल्या नंबरचा सॅम ब्रॅडफर्ड सहा वर्षांच्या 7 कोटी 80 लाख डॉलरवर आला. 2011 पासून नवख्यांच्या पगाराला लगाम लागला, तेव्हा कॅम न्यूटनला चार वर्षांचे 2 कोटी 20 लाख मिळाले. त्यामुळे वरचा नंबर पूर्वीइतका महाग उरला नाही, आणि स्वस्तात चांगला क्वार्टरबॅक लागला तर घबाडच.

त्या घबाडापायी सॅन फ्रान्सिस्कोने 2021 मध्ये तीन वर्षांचे पहिल्या फेरीतले तीन नंबर आणि वर तिसऱ्या फेरीतला एक देऊन तिसरा नंबर मिळवला आणि ट्रे लान्स हा क्वार्टरबॅक घेतला. दोन वर्षांनी त्याला चौथ्या फेरीतल्या एका नंबरावर डॅलसला देऊन टाकावं लागलं. दरम्यान 2022 च्या ड्राफ्टमध्ये सगळ्यात शेवटी, 262 व्या नंबरवर, त्यांनी ब्रॉक पर्डी नावाचा आणखी एक क्वार्टरबॅक उचलून ठेवला होता. संघाला फेब्रुवारी 2024 च्या सुपर बोलपर्यंत नेलं ते त्याने, वर्षाला दहा लाख डॉलरहून कमी पगारावर. 2025 मध्ये त्याच्याशी पाच वर्षांचा नवा करार झाला : 26 कोटी 50 लाख डॉलर.